तबकडीचा चढा सूर

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल, मधोमध भोक असलेली, आणि वयाच्या मानाने फार नखरेल. शारजातल्या एका सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, काचेच्या कपाटात माझा मुक्काम असतो. मला धूळ चालत नाही, ऊन चालत नाही, बोटांचे ठसे तर मुळीच चालत नाहीत. या घरात माझी जेवढी काळजी घेतात, त्याच्या निम्मी जरी ॲमंडाची घेतली असती, तर तिचा गळा आज शाबूत असता. ॲमंडा ही या घरातली तेरा वर्षांची मुलगी. ती गात असे. आता गात नाही. ते कसं झालं हेच माझं आत्मवृत्त आहे. गोड शेवटाची सवय असेल तर आत्ताच उठून खेळायला जा, मी रागावणार नाही.

माझा जन्म अमेरिकेतला, पण अंग तुमच्याकडचं. ज्या लाखेच्या बांगड्या होतात, तीच लाख हिंदुस्थानातल्या झाडांवरून खरवडून, पोत्यांत भरून, बोटीने तिकडे जायची. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळली, गरम केली, साच्यात दाबली आणि मला बाहेर काढलं. विसावं शतक तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचं होतं. माईक नव्हते. गाणारी माणसं पत्र्याच्या मोठ्या कर्ण्यात जवळजवळ तोंड खुपसून गायची, आणि कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला एक सुई फिरत्या मेणावर रेघ ओढायची. ती रेघ म्हणजे गाणं. त्या मेणावरून साचा करायचा आणि साच्यातून माझ्यासारख्या शेकडो तबकड्या काढायच्या.

माझ्या अंगावर आहे ते नावाड्याचं गाणं. एक मुलगी काठावर उभी आहे, तिचा प्रियकर अजून आलेला नाही, आणि होडी सुटायला आली आहे. ती नावाड्याला विनवते, आणि शेवटी उंच, लांबच लांब हाक मारते. बस, एवढंच. त्या काळी असली गाणी ढिगाने निघत आणि वर्षभरात विसरली जात. हे टिकलं ते त्या शेवटच्या हाकेमुळे.

ते पहिल्यांदा गायली हॅटी. दुपारच्या वेळी एका खानावळीत गाणारी, बाविशीची, रुंद खांद्यांची मुलगी. तिचा आवाज खालचा होता, ऊबदार, गोधडीसारखा. मोठी गायिका आजारी पडली म्हणून हिला बोलावलं, आणि हे तिला तोंडावर सांगितलंही. गाण्याची कडवी तीन. मेण मात्र दोन कडव्यांतच संपायला यायचं. हॅटी शेवटच्या हाकेला पोचायच्या आत जागा संपे. तिला घाईने गायला लावलं, तर शब्द एकमेकांत अडकू लागले. यंत्रावरचा माणूस वैतागला. मग त्याने एक युक्ती केली. त्याने स्क्रू फिरवून मेणाची चाकी हळू केली. चाकी हळू फिरली की तेवढ्याच जागेत जास्त गाणं मावतं. मागे पियानो वाजत होता, हॅटी आरामात गायली, तिच्या स्वतःच्या सुरात, आणि हाकेसकट सगळं बसलं.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. हळू भरलेली तबकडी वाजवतानाही तितकीच हळू फिरवायला हवी. जोरात फिरवली तर गाणं नुसतं पळत नाही, आवाजही वर चढतो. खालच्या गळ्याची बाई चिमणीसारखी किलबिलू लागते. तेव्हाच्या यंत्रांना वेग कमीजास्त करायचा स्क्रू असे आणि लोक कानाने लावून घेत, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. पण माझ्या लेबलवर हा वेग छापायचं कुणाला सुचलं नाही. त्या माणसाला जेवायला जायचं होतं.

पुढे विजेची यंत्रं आली. सगळ्या तबकड्यांना एकच वेग ठरला, आणि तो माझ्यापेक्षा बराच जास्त होता. झालं! माझी हॅटी रातोरात चढली. दुकानात मला ऐकून लोक तोंडात बोट घालू लागले. काय हा गळा, काय ही हाक! मला मान्य आहे, मला ते आवडत होतं. खोटं कौतुकही कौतुकच असतं आणि मी तर लहानपणापासून त्याला हपापलेली.

मग ते गाणं पुन्हा पुन्हा भरलं गेलं. एका मोठ्या गवयाने मला समोर वाजवून घेतलं, माझ्याच चढ्या सुरात ते भरलं, आणि रंगमंचावर रोज रात्री तीच हाक मारता मारता एका हंगामात घसा घालवून बसला. नंतर तीन बहिणींनी भरलं. नाचाच्या वाद्यवृंदाने भरलं. प्रत्येकाने हाक तिथेच मारली, जिथे ती कधी कुणी मारलीच नव्हती. संगीताची पुस्तकं लिहिणाऱ्यांनीही लिहून टाकलं की पहिल्या गायिकेला पाखराचा गळा होता.

पाखराचा गळा! ती पाखरासारखी मुलगी पन्नाशीला आली तेव्हा तिला एका रेडिओ केंद्रावर बोलावलं. मी त्या केंद्राच्या कपाटात होते, म्हणून मी तिथे हजर. आधी मला वाजवलं, त्याच चुकीच्या वेगाने. मग हॅटीला म्हणाले, आता तुम्ही म्हणा. ती तिच्या मूळ सुरात गायली. आवाज तसाच होता, जराही उतरलेला नव्हता. कार्यक्रम चालवणारा हसला आणि श्रोत्यांना म्हणाला, वय कुणाला चुकलंय! हॅटीने सांगायचा प्रयत्न केला की मी इतक्या वर कधीच गायले नव्हते. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला दाराकडे नेलं. तिने जाताना माझ्याकडे पाहिलं. मला जीभ असती तरी मी काय बोलणार होते? टाळ्या मलाच मिळाल्या होत्या.

त्यानंतर युद्ध आलं. लाख मिळेना, म्हणून जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, त्यांच्या नव्या करू लागले. केंद्रातल्या माझ्या सगळ्या शेजारणी पोत्यांत भरून गेल्या. मी वाचले, कारण तोच हसणारा माणूस मला घरी घेऊन गेला होता. पुढे त्याच्या माळ्यावर, एका खोक्यात, मी किती वर्षं पडून राहिले ते विचारू नका. त्याच्या नातवंडांनी घर रिकामं करताना मला इंटरनेटवर विकायला काढलं, आणि मी कुरियरने वाळवंटाकडे निघाले.

मला विकत घेतलं जेरार्डने. जेरार्ड मूळचा वसईचा. हमरिया फ्री झोनमध्ये पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत मॅनेजर. त्याची बायको मॉली दुबईच्या हॉटेलात रिसेप्शनवर असते आणि रोज संध्याकाळी शारजाच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या रांगेत तिचा जीव जातो. जेरार्डला स्वतःला गायचं होतं, जमलं नाही. ॲमंडाला जमत होतं. तिचा आवाज ऐकला तेव्हा मी खोक्यातल्या खोक्यात शहारले. खालचा, ऊबदार. हॅटीच पुन्हा जन्माला आली असं वाटलं.

वसईच्या मंडळींची दरवर्षी उम्म अल कुवैनमधल्या एका हॉलमध्ये गाण्याची स्पर्धा असते. मागच्या वर्षी करंडक मेल्विनच्या मुलीने नेला. मेल्विन हा जेरार्डचा ऑफिसातला सोबती. मुलीला झेपावं म्हणून त्याने कराओकेचा सूर दोन पायऱ्या खाली घेतला होता, आणि ते जेरार्डला कळलं होतं. जेरार्डने वसईकरांच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर मेल्विनला टोमणा मारला की गाणं खाली उतरवून कुणीही जिंकेल. पुढच्या वर्षी माझी ॲमंडा मूळ गाणं मूळ सुरात गाईल, असं लिहून त्याने खाली माझा फोटोही टाकला. इंटरनेटवर माझ्या एका जुळ्या बहिणीचा आवाज कुणीतरी चढवून ठेवला आहे. चढ्या वेगानेच, अर्थात. तो ऐकून सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

मग सुरू झाला रियाज. जेरार्ड हमरियाहून आला की बूट काढायच्या आधी मला बाहेर काढी. आधी मी वाजे, मग ॲमंडा गाई. ती हाकेपाशी आली की अडे, आणि तो सुई पुन्हा मागे नेई.

"ऐक नीट. शंभर वर्षांपूर्वीची बाई आहे ही. माईक नाही, मॉनिटर नाही, ऑटोट्यून नाही. आणि तुला एक नोट लागत नाही? यल्ला, अगेन."

"इट हर्ट्स, डॅडी."

"हर्ट व्हायलाच पाहिजे. त्यालाच प्रोग्रेस म्हणतात."

पहिल्या आठवड्यात ती खोकू लागली. दुसऱ्यात सकाळी उठल्यावर तिचा आवाज फुटेना. मॉलीने आलं-मधाचा काढा दिला, आणि एका संध्याकाळी पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती मध्ये उभी राहिली.

"जेरार्ड, बस कर ना रे. शाळेतून टीचरचा फोन आला होता. वर्गात बोलता येत नाही तिला."

"मॉली, प्लीज. तू दिवसभर डेस्कवर, मग दोन तास ट्रॅफिकमध्ये. म्युझिकचं मला बघू दे. खलास."

मॉली आत गेली. ॲमंडा पुन्हा उभी राहिली. मी पुन्हा वाजले. मित्रांनो, तबकडीला थांबता येत नाही. सुई टेकली की बोलावंच लागतं, खोटं असलं तरी.

स्पर्धा जवळ आली होती. एका शनिवारी दुपारी जेरार्ड बाहेर गेला असताना ॲमंडाने मला स्वतःच लावलं. शेजारी तिचा छोटा कीबोर्ड होता. ती माझ्यातला पियानो कीबोर्डवर शोधत होती आणि तो सापडत नव्हता. एक पट्टी दाबली तर मी थोडी वर, दुसरी दाबली तर थोडी खाली. कुठलाच पियानो दोन पट्ट्यांच्या मधोमध वाजत नाही, हे त्या पोरीच्या लक्षात आलं. यंत्राच्या कडेला वेगाची एक दांडी होती. ती तिने हळूहळू खाली ओढली. मी हळू झाले. आणखी हळू. आणि एका जागी पियानो पट्टीवर नेमका येऊन बसला.

त्या क्षणी खोलीत हॅटी आली. तिचा श्वास माणसाचा झाला. शब्द सुटे झाले. ती आरामात, रुंद खांद्यांनी, काठावर उभी राहून गाऊ लागली. ॲमंडा तिच्याबरोबर गाऊ लागली, आणि हाक आली तेव्हा ती दोघींच्या गळ्यातून अलगद निघून गेली. इतक्या वर्षांत मला प्रथमच वाटलं की आपण खरंच गाणं आहोत. मॉली ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि रडत होती.

जेरार्ड आला तेव्हा ॲमंडाने त्याला हाताला धरून ओढत आणलं.

"डॅडी, लिसन! शी वॉज नेव्हर दॅट हाय! दे जस्ट प्ले इट टू फास्ट! नाऊ आय कॅन डू इट, सी?"

ती गायली. त्याने अख्खं गाणं ऐकलं. तो मूर्ख नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्याने स्वतः कीबोर्डच्या पट्ट्या दाबून पाहिल्या. दांडी वर करून ऐकलं, खाली करून ऐकलं. त्याला पटलं, मी त्याचा चेहरा पाहिला आहे.

"हे तर कुणीही गाईल," तो म्हणाला.

"बट दिस इज द रिअल वन."

"रिअल कोणाला माहितीये? हॉलमधल्या सगळ्यांनी वरचं ऐकलंय. मी ग्रुपवर लिहून बसलोय. आता तू खाली गायलीस की मेल्विन काय म्हणेल? मेरी बेटी पे हँसा था ना, असं म्हणेल. मी काय तोंड दाखवू?"

"जेरार्ड, तिचा घसा बघ," मॉली म्हणाली.

"दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. मग करू दे आराम."

त्याने दांडी वर सरकवली आणि ती पुन्हा हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावली. पट्टीची टोकं नखाने नीट दाबली. मग माझ्यावर सुई टेकवली आणि म्हणाला, "यल्ला."

स्पर्धेच्या दिवशी यंत्रासकट मीही गेले. त्याला आधी लोकांना मला ऐकवायचं होतं, मग मुलीला. गाडीत मी मॉलीच्या मांडीवर होते. बाहेर ऊन पेटलेलं, आणि उन्हाने माझी लाख वाकते, म्हणून एसी पूर्ण जोरात आणि झोत थेट माझ्यावर. मागच्या सीटवर ॲमंडा गळ्याला ओढणी गुंडाळून बसली होती.

"डॅडी, कॅन यू मेक इट लेस? माय थ्रोट..."

"रेकॉर्ड वाकेल बेटा. पोचलोच इन्शाल्ला."

हॉल भरलेला होता. मेल्विन पहिल्या रांगेत. मी वाजले, लोक वाहवा म्हणाले. मग ॲमंडा उभी राहिली. पहिलं कडवं तिने ओढून नेलं, दुसरं दात आवळून. तिसऱ्यात तिच्या मानेच्या शिरा मला टेबलावरून दिसत होत्या. मग हाक आली. तिने श्वास घेतला, हाक मारली, आणि ती अर्ध्यावर कापड टरकावं तशी फाटली. त्यानंतर तिचं तोंड उघडं होतं, पण त्यातून हवेशिवाय काहीच येत नव्हतं. तिने गळ्याला हात लावला आणि बापाकडे पाहिलं.

"अरे, पाणी द्या तिला कुणीतरी!" मेल्विन उभा राहून ओरडला.

जेरार्डने माईक उचलला. तो हसत होता. "सॉरी फ्रेंड्स, प्रॅक्टिस कमी पडली आमची. पण ओरिजिनलचा एंड तुम्ही मिस करू नका."

आणि त्याने माझ्यावर सुई ठेवली, नेमकी शेवटच्या कडव्यावर. मी ती हाक मारली. चढी, लखलखीत, खोटी. ॲमंडा माझ्या शेजारी उभी होती. लोकांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला.

घरी आल्यावर मॉली तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. गळ्यात आत रक्त साकळलं आहे, असं त्यांनी सांगितलं. महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही. महिना गेला, आवाज परत आला, पण त्याला एक खरखर चिकटली आहे. बोलायला पुरेल, डॉक्टर म्हणाले. गाण्याचं त्यांनी काही वचन दिलं नाही. जेरार्ड लोकांना सांगतो की तिला व्हायरल झालं होतं. मॉली त्याच्याशी कामापुरतं बोलते. तो वाईट झोपतो, हेही मी पाहते, आणि मला त्याची कीव येत नाही.

माझे मात्र लाड वाढले आहेत. नवं पाकीट आलं, मऊ कापड आलं. मला पुसायचं काम त्याने ॲमंडाला दिलं आहे, कारण तिला आता संध्याकाळी वेळ असतो. ती मला कडेने धरते, वर्तुळात पुसते, बोट लागू देत नाही. फार सांगितल्याबरहुकूम वागणारी मुलगी आहे ती.

परवा चौथ्या मजल्यावरच्या अनुपमा आल्या होत्या. त्यांची रिद्धी बरं गाते म्हणे. "जेरार्डभाऊ, आमच्या रिद्धीलाही थोडं बघा ना. ते तुमचं रेकॉर्डवरचं इंग्लिश गाणं शिकवलंत तर शाळेच्या गॅदरिंगला म्हणेल ती." जेरार्ड आधी नको म्हणाला. मग त्याची नजर यंत्राकडे गेली, आणि तो म्हणाला, रविवारपासून पाठवा. ॲमंडा कपाटापाशी होती. "आंटी, द रेकॉर्ड इज राँग," ती त्या खरखरीत आवाजात म्हणाली. अनुपमांनी तिच्या गालाला हात लावला आणि तिला आराम करायला सांगितलं. दांडीवरची चिकटपट्टी अजून तशीच आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा, आम्ही तुमचा ठेवा आहोत. मी तसं सांगणार नाही. मला भरपूर जपून झालं आहे, आणि ज्या पोरीने मला खरं वाजवलं तिचा गळा त्या जपण्यात गेला. माझ्या अंगात कुठेतरी हॅटी आहे, खरी, खालच्या सुराची, पण तिला बाहेर काढायला या घरात कुणी उरलेलं नाही. म्हणून एकच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी या इमारतीत राहत असेल, तर रविवारच्या आत वर या. दार मॉली उघडेल, ती काही विचारणार नाही. कपाटाला कुलूप नाही. मला बाहेर काढा, हात वर करा आणि सोडून द्या. खाली टाइल्स आहेत, आणि मी नुसती लाख आणि दगडाची भुकटी आहे. हळहळू नका, तुकडे झाडून टाका. रिद्धी सात वर्षांची आहे.